टास्क मॅनेजर म्हणाला ‘२ पैकी १’: अशोक चौकातल्या एका लॅपटॉपच्या रॅमचं प्रकरण

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याने माल कार्टमध्ये टाकूनही ठेवला होता. रॅमच्या, म्हणजे चालू काम ठेवायच्या मेमरीच्या, १६ जीबीच्या दोन स्टिक्सचा (पट्ट्यांचा) किट, म्हणजे एकूण ३२. "मामा, फक्त हो म्हणा, लगेच ऑर्डर मारतो."

"थांब बे. लॅपटॉप उघडून बघितलास का?"

"उघडायचं काय त्यात? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसतंय की. रॅम बसवायचे स्लॉट २ पैकी १ वापरात. जुनी स्टिक काढतो, दोन्ही नव्या घालतो."

एवढ्यावर मी त्याला ऑर्डर थांबवायला लावली, म्हणून पुढचं हे सगळं लिहायला मिळतंय. जानेवारी २०२६ मधली गोष्ट. सोलापूरची गड्ड्याची यात्रा तोंडावर होती आणि रॅमचे भाव जत्रेतल्या पाळण्यासारखे वर गेलेले होते. पाळणा निदान खाली तरी येतो. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे कंपन्यांनी कारखाने वळवले, डीडीआर४ ही रॅमची जुनी पिढी तर त्या तशीही आवरती घेत होत्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मेमरी कंपनीने क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षभरापूर्वी ‘घे ३२, विषय संपव’ असा सल्ला मीही डोळे झाकून दिला असता. आता चुकीची स्टिक घेणं परवडणारं नव्हतं.

भाचा तेवीस वर्षांचा. नोकरी पुण्यातल्या कंपनीची, काम घरून. शिवाय ओळखीच्या एका टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डर आणि डिस्पॅचचं अ‍ॅप बनवतोय. मागचा भाग जावामध्ये स्प्रिंग बूट, डेटाबेस पोस्टग्रेस, दोन्ही डॉकरमध्ये, म्हणजे मशिनच्या आतल्या वेगळ्या कप्प्यांत. पुढचा भाग अँड्रॉइड. म्हणजे दिवसभर एकाच वेळी काय काय चालू: डॉकर, इंटेलिजे आणि अँड्रॉइड स्टुडिओ (दोन्ही कोड लिहायची साधनं), एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन), क्रोमच्या पंचवीस टॅब आणि कंपनीची मीटिंग. लॅपटॉप २०२१ चा, अकराव्या पिढीचा इंटेल आय५-११३५जी७, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. वॉरंटी केव्हाच संपलेली. तक्रार एका वाक्याची: "लईच लटकालालाय."

लटकतो म्हणजे नेमकं काय, हे त्याने बघितलेलं नव्हतं. रविवारी सकाळी मी जुळे सोलापूरहून ताईच्या घरी गेलो. घर अशोक चौकाजवळ, भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांचं यंत्रमागाचं शेड. त्या घरात बोलायचं तर आवाज जरा चढाच लागतो. पाहुणा आला की त्याला वाटतं भांडण चाललंय.

आधी मोजमाप

मी त्याला म्हटलं, रोज जे जे चालू असतं ते सगळं चालू कर, अर्धा तास नेहमीसारखं काम कर आणि मग बघू. नुसता चालू केलेला रिकामा लॅपटॉप बघून रॅम किती लागते ते कळत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९५ टक्के. हा आकडा बघूनच लोक घाबरतात, पण त्यावरून फारसं काही ठरत नाही, कारण प्रोग्रॅमांना एकूण किती जागा हवी आहे ते त्यातून कळत नाही. मी बघतो ते त्याच पानावर खाली, ‘कमिटेड’. तिथे १९.४ जीबी होतं. म्हणजे ८ जीबीच्या मशिनवर सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून १९.४ जीबी जागा मागून ठेवलेली. मागितलेली जागा सगळी वापरली जाते असं नाही. लग्नात पत्रिका हजार वाटतात, पंगतीला सातशे बसतात, तसंच. पण सातशे गृहीत धरले तरी १३-१४ जीबी झाले, आणि मांडव आठचा.

दुसरी खूण रिसोर्स मॉनिटरमधली, ‘हार्ड फॉल्ट्स’. रॅममध्ये हवं ते पान सापडलं नाही म्हणून डिस्कवरून आणावं लागलं, असं सेकंदाला किती वेळा घडतं त्याचा हा आकडा. एखादा प्रोग्रॅम उघडताना तो उडी मारणारच, त्याचं काही नाही. भाच्याच्या मशिनवर मात्र तो पाच-सहाशेच्या खाली येतच नव्हता, आणि एम्युलेटरकडून इंटेलिजेकडे गेलं की हजाराच्या वर. लटकणं हेच. एसएसडी होती म्हणून निदान चालत होतं. जुनी हार्डडिस्क असती तर चहा पिऊन परत यावं लागलं असतं.

मग बिल्डची, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार व्हायची, वेळ घेतली. अँड्रॉइडचा प्रकल्प पूर्ण साफ करून नव्याने बिल्ड: ६ मिनिटं ५० सेकंद.

इथे मला एक शंका आली आणि ती रॅमची नव्हती. बिल्ड चालू असताना पंखा केकाटत होता आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नव्हतं. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वेग दाखवणारा प्रोग्रॅम टाकून बघितलं: प्रोसेसर ९७ अंशांवर आणि ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकणारा गडी दीडच्या आसपास रांगतोय. जानेवारीत! मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा याचं काय होत असेल?

उघडल्यावर

खालचं झाकण उघडलं. ताई चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

पंख्यातून गरम हवा जिथून बाहेर जाते तिथे धातूच्या बारीक पात्यांची जाळी असते. त्या जाळीवर कापडाचा तुकडा चिकटवल्यासारखा थर होता. चिमट्याने धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, दोन बोटं रुंद. शेजारच्या शेडमधून येणारं सुताचं तूस. उजेडात धरलं तर त्यात पट्टे दिसत होते, मधे गुलाबी, त्यावर पांढरा, सगळ्यात वर निळा. "निळं दिवाळीनंतरचं," ताई म्हणाली, "तेव्हापासून त्यांच्याकडं निळ्या नॅपकिनचीच ऑर्डर चालू आहे." शेजारच्यांनी चार वर्षांत काय काय विणलं त्याचं रजिस्टर लॅपटॉपच्या पोटात तयार झालेलं होतं.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांशेजारी राहणाऱ्यांना हे नवीन नसेल. पण ‘लॅपटॉप स्लो’ म्हटलं की आपला हात पहिला रॅमकडे जातो, तुसाकडे जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

साफ करताना पंख्याचं पातं टूथपिक अडकवून धरलं, ब्रशने झटकलं आणि रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारली. पातं मोकळं सोडून जोरात हवा मारली की ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जाऊ शकतं.

आता मुख्य मुद्दा. बोर्डावर रॅमचा स्लॉट एकच होता. आणि तो रिकामा.

भाचा बघतच राहिला. "मग दुसरा कुठाय?" दुसरा नव्हताच. पहिली ८ जीबी रॅम बोर्डावरच चिप्सच्या रूपात सोल्डर केलेली होती. विंडोज त्या चिप्सनाही एक ‘स्लॉट’ धरून मोजतो, म्हणून ‘२ पैकी १’. खरं तर त्याच्याच खाली ‘फॉर्म फॅक्टर’ या ओळीत ‘रो ऑफ चिप्स’ असं लिहिलेलं होतं. सुटी स्टिक असती तर तिथे ‘एसओडीआयएमएम’ आलं असतं. भाच्याने वरची ओळ वाचली, खालची सोडली. त्या दोन स्टिक्सच्या किटमधली एक स्टिक घरात शोभेला राहिली असती, आणि या भावात असली शोभा कुणाला परवडते?

याहून वाईट असू शकलं असतं. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये सगळीच रॅम सोल्डर केलेली असते, एलपीडीडीआर जातीची, आणि स्लॉट नसतोच. तिथे विषयच संपतो. जेवढी घेतली तेवढ्यावर मशिनचं आयुष्य काढायचं.

झाकण लावलं, पण रॅम आणायला लगेच पळालो नाही. भाच्याला घाई होती, मी हट्टाने थांबवलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. नुसत्या सफाईनंतर तोच बिल्ड पुन्हा चालवला: ५ मिनिटं २५ सेकंद. तापमान ८० च्या घरात. म्हणजे जवळजवळ दीड मिनिट तर शेजाऱ्यांच्या टॉवेलांनी खाल्लं होतं.

त्यानंतर फुकटात होण्यासारखं एक काम केलं. मशिनवर ग्रेडलचे (बिल्ड करणाऱ्या साधनाचे) दोन डिमन, म्हणजे मागे चालू राहणारे प्रोग्रॅम, दिसले, दोघांचीही मेमरी दोन-दोन जीबीपर्यंत जाणारी. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःबरोबर आलेला जेडीके (जावाचा साधनसंच) वापरत होता आणि भाचा टर्मिनलमधून बिल्ड मारायचा तेव्हा दुसराच. जेडीके वेगळा असला की ग्रेडल आधीचा डिमन वापरत नाही, नवा उभा करतो. दोन्हीकडे एकच जेडीके लावला आणि एक डिमन गेला. एम्युलेटरऐवजी त्याचा स्वतःचा फोन केबलने जोडून बघितला. कमिटेड १४ वर आलं, बिल्ड ४ मिनिटं १० सेकंद.

इथेच थांबता आलं असतं का? मी त्याला हे खरोखरच विचारलं. कारखान्यात अ‍ॅप टॅबलेटवर चालणार, टॅबलेट भाच्याकडे नाही, त्यामुळे एम्युलेटर हवाच. आणि फोन जोडूनसुद्धा हार्ड फॉल्ट शंभर-दीडशेवर होतेच. रॅम लागणार हे आता अंदाजाने नाही, आकड्याने ठरलं.

८, १६ की ३२

स्लॉट एक, म्हणून पर्याय तीन. ८ ची टाकली तर एकूण १६, १६ ची टाकली तर २४, ३२ ची टाकली तर ४०.

भाच्याच्या एका मित्राचा सल्ला होता की आतली ८ आहे, तर बाहेरचीही ८ च घे, जोडी जमली पाहिजे, नाहीतर ड्युअल चॅनेल चालत नाही. हा समज फार पसरलेला आहे आणि अर्धाच खरा आहे. या प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे रस्ते, म्हणजे चॅनेल, दोन. डीडीआर४ ३२०० च्या रॅमला एका रस्त्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी, दोन्हींवरून ५१.२. एका रस्त्यावर ८ आणि दुसऱ्यावर १६ असेल तर इंटेलचा कंट्रोलर ८ ला ८ जोडून पहिले १६ जीबी दुपदरी चालवतो आणि उरलेले ८ एकपदरी. याला ते फ्लेक्स मोड म्हणतात. म्हणजे १६ ची स्टिक टाकून दुपदरी भाग काही कमी होत नाही, ८+८ मध्ये जेवढा मिळाला असता तेवढाच मिळतो. वर ८ जीबी एकपदरी मिळतात, आणि ते एकपदरी ८ जीबीसुद्धा एसएसडीपेक्षा कितीतरी वेगवान. जोडी जमवण्याच्या नादात मेमरी कमी घेणं म्हणजे जोडे पायात बसत नसताना रंग जुळतो म्हणून घेणं.

मग १६ वर भागलं असतं का? जेमतेम. कमिटेड १९.४, ग्रेडलचा एक डिमन गेल्यावर १७-१८, प्रत्यक्ष वापर १३-१४. एका मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली की पुन्हा काठावर. एम्युलेटरसकट काम करायचं तर १६ जीबी ही अँड्रॉइड स्टुडिओची किमान अपेक्षा आहे, ऐसपैस नव्हे. इथे तर वर डॉकर आणि इंटेलिजेही आहेत.

३२ च्या स्टिकला मी नाही म्हटलं ते दोन कारणांनी. एक, किंमत. दुसरं, लॅपटॉप बनवणाऱ्याच्या तक्त्यात या मॉडेलला ‘८ बोर्डावर, अधिक १६ पर्यंत’ असं स्पष्ट लिहिलेलं. प्रोसेसर स्वतः ६४ पर्यंत घेतो आणि तक्त्यापेक्षा मोठी स्टिक बऱ्याच मशिन चालवतातही. पण ‘बऱ्याच’मध्ये आपलं मशिन नसलं तर बदलून मिळवायला भांडत बसायचं. भाव उतरलेले असते तर मी हा जुगार खेळलो असतो. आत्ता नाही. ठरलं, १६ ची एक.

संध्याकाळी नवी पेठेत गेलो. दुकानदाराने दोन स्टिक्स काउंटरवर ठेवल्या, एक २६६६ ची, एक ३२०० ची. "साहेब, २६६६ घ्या. घरच्या कामाला काय फरक पडत नाही." तो फारसा चुकत नव्हता. वेगाच्या आकड्याबरोबर सीएल, म्हणजे मागितल्यावर डेटा यायला लागणाऱ्या टप्प्यांचा आकडा, बघावा लागतो. २६६६ ला सीएल १९ असेल तर पहिला डेटा हाती यायला साधारण १४.२५ नॅनोसेकंद, ३२०० ला सीएल २२ असेल तर १३.७५. तिथे दोघी बहिणी-बहिणीच. फरक पडतो तो रस्त्याच्या रुंदीत, आणि मुख्य म्हणजे वेगळ्या वेगाच्या दोन रॅम एकत्र आल्या की दोन्ही कमी वेगाने चालतात. २६६६ घातली असती तर बोर्डावरची ३२०० वालीही खाली उतरली असती. कोड कंपाइल करण्यात ते जाणवलं नसतं, पण प्रोसेसरमधला ग्राफिक्सही याच रॅमवर जगतो आणि भाच्याला दोन मॉनिटर. किमतीतला फरक एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाएवढा होता, म्हणून ३२०० घेतली. फरक मोठा असता तर मी बिनधास्त २६६६ उचलली असती.

लेबल वाचून घ्या, डब्यावर जाऊ नका. आपल्याला हवं होतं ते लेबलवर असं होतं: १६जीबी, १आरएक्स८, पीसी४-३२००एए, १.२ व्होल्ट. त्याच वेगाला कुठे ‘पीसी४-२५६००’ असंही लिहिलेलं असतं. तो वेगळा माल नाही, आकडा मोजायची पद्धत वेगळी. डीडीआर५ ची लॅपटॉप स्टिक चुकून हातात आली तर ती बसणारच नाही, तिच्या पिना २६२ आणि खाच दुसरीकडे. डीडीआर४ च्या २६०. पक्कं बिल घेतलं. अशा स्टिकची वॉरंटी कितीही लांब असली तरी बिलाशिवाय ती नुसती गप्पा.

बसवताना

थंडीत कोरड्या हवेत अंगावर वीज साठते. अंधारात सिंथेटिक ब्लँकेट झटकलं की ठिणग्या दिसतात ती हीच. (आपली सुती सोलापुरी चादर या बाबतीत गुणी आहे.) रॅमच्या चिपला आपल्याला न जाणवणारी ठिणगीही पुरते. म्हणून पलंगावर पसारा न मांडता लाकडी टेबलावर बसलो आणि स्टिकला हात लावण्याआधी न्हाणीघरातल्या लोखंडी नळाला हात लावून आलो. बॅटरीची केबल बोर्डावरून काढली, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं.

स्टिक तिरकी घातली, खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ वाजल्या. केबल जोडली, चार्जर लावला, बटण दाबलं. स्क्रीन काळी. नवी रॅम बसल्यावर पहिल्यांदा मशिन मेमरीची ओळख करून घेतं, त्याला वेळ लागतो, म्हणून एक मिनिट थांबलो. दोन मिनिटं झाली. भाचा माझ्याकडे बघालाय, मी कॅप्स लॉकच्या मिचमिचणाऱ्या दिव्याकडे बघतोय, आणि शेजारी माग आपले धडधड-धडधड.

पुन्हा उघडलं. स्टिकच्या सोनेरी दातांची बारीक रेघ स्लॉटच्या बाहेर दिसत होती, केसाएवढी. क्लिपा लागल्या होत्या, स्टिक पूर्ण आत गेली नव्हती. काढली, अंगठ्याने आधी आत रेटली आणि मग खाली दाबली. या वेळी वीस-पंचवीस सेकंदांत लोगो आला. मी गंभीर चेहरा करून "असं होतं कधीकधी" म्हणालो.

टास्क मॅनेजरमध्ये २४ जीबी, ३२०० चा वेग, स्लॉट २ पैकी २. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक गंमत भाच्याने आधी पकडली. आदल्या दिवशीपर्यंत ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’ असं नाव होतं, आता तिथे ‘आयरिस एक्सई’. ग्राफिक्स तेच, पण या प्रोसेसरमध्ये ते नाव दोन्ही चॅनेल भरल्यावरच मिळतं. ड्युअल चॅनेल लागल्याची याहून सोपी पावती नाही.

रात्री मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन लावून ठेवलं, फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या करता येतात. सकाळी चारही झाल्या होत्या, चुका शून्य. हे टाळू नका. रॅमची बारीक चूक लगेच दिसत नाही, महिन्याने कुठल्या तरी बिल्डमध्ये विचित्र एरर येतो आणि माणूस आपल्या कोडमध्ये दोन दिवस शोधत बसतो.

सोमवारी सगळं चालू ठेवून, एम्युलेटरसकट, तोच बिल्ड: २ मिनिटं २० सेकंद. हार्ड फॉल्ट बहुतेक वेळ शून्य.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. "मामा, परत ८५ टक्के दाखवतंय. २४ पण कमी पडालंय का?" बघितलं तर सगळ्यात वर व्हीएममेम, ११ जीबीवर. डॉकर विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समधून, चालतो, त्याचीच मेमरी व्हीएममेम नावाने दिसते, आणि डब्ल्यूएसएलला न सांगता मिळणारी मर्यादा असते मशिनच्या रॅमची निम्मी. ८ जीबी होती तेव्हा तो ४ वर थांबायचा. २४ झाल्यावर १२ पर्यंत त्याची वाट मोकळी, आणि आतल्या लिनक्सने फायलींच्या कॅशने ती भरायला घेतली. पोस्टग्रेस आणि एका जावा सेवेला एवढी कशाला? भाच्याच्या यूजर फोल्डरमध्ये ‘.wslconfig’ (सुरुवातीला टिंब असलेली) नावाची फाइल केली, त्यात मेमरीची मर्यादा ६ जीबी लिहिली आणि डब्ल्यूएसएल एकदा बंद करून चालू केलं. वापर पासष्ट-सत्तर टक्क्यांवर आला.

त्यानंतर कमिटेड सगळ्यात जास्त गेलेलं त्याने बघितलं ते २२.६, तेही दोन एम्युलेटर एकदम चालू असताना. फॅनच्या जाळीसाठी त्याने फोनमध्ये दर चार महिन्यांचं रिमाइंडर लावलंय. मधे एकदा त्याचा फोन आला, मी आधीच चिमटा शोधायला लागलो होतो. तर म्हणे, ताईने विचारलंय, गड्ड्यावर कधी जायचं.